दुसऱ्याचं दुखणं अंगाला लावून घेणाऱ्यांनी थेरपी कशी सुरू करावी

"बाई, जरा बोलायचं होतं." शाळेत हे वाक्य मी दिवसातून चार-पाच वेळा ऐकते. कधी पोराची आई असते, कधी नवी शिक्षिका, कधी खिचडी शिजवणाऱ्या मावशी. मी कोल्हापुरात प्राथमिक शाळेत शिकवते. २०१९ च्या पुरात आमच्या शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती, तेव्हापासून हे बोलायला येणं जास्तच वाढलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, पुन्हा तेच. आणि २०२२ च्या दिवाळीआधी एका दुपारी चकलीचा सोऱ्या हातात घेऊन मी ओट्यापाशी उभी होते आणि फोन वाजला. शेजारच्या वहिनींच्या सासऱ्यांना ॲडमिट केलं होतं. एरवी मी गॅस बंद करून तशीच पळाले असते. त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही. रस्त्यावर लंगडणारं कुत्रं दिसलं तरी जिच्या घशाखाली घास उतरत नाही, तिला काहीच वाटलं नाही. त्या न वाटण्याचीच मग भीती वाटली.

तिथून थेरपीपर्यंत पोचायला मला पाच महिने लागले. त्यातले निदान चार महिने काय करायचं, कुणाकडे जायचं, काय बोलायचं हे माहीत नसल्यामुळे वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी काय झालंय ते ओळखा

आपल्याकडे अशा माणसाला हळवा म्हणतात, मनाला लावून घेणारा म्हणतात, घरचे वैतागले तर रडूबाई म्हणतात. एलेन ॲरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे पती आर्थर ॲरन यांनी १९९७ मध्ये या स्वभावावर शोधनिबंध लिहिला आणि तो मोजायला २७ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. एलेन ॲरन यांच्या अंदाजाप्रमाणे साधारण १५ ते २० टक्के माणसं अशी असतात. आवाज, उजेड, वास, समोरच्याच्या चेहऱ्यावरचा बारीकसा बदल, हे सगळं त्यांच्या आत जास्त खोलवर जातं. गणपतीत महाद्वार रोडला डॉल्बीसमोरून जाताना ज्यांच्या छातीत धडधडतं आणि घरी आल्यावर तासभर अंधारात पडून राहावंसं वाटतं, त्यांना हे समजावून सांगायला नको. हा आजार नाही, स्वभावाची घडण आहे. त्यामुळे तो 'बरा' करायला कुणी थेरपीला जात नाही. तुमची कातडी निबर करून देतो असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या.

बर्नआउट ही वेगळी गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या यादीत, बर्नआउटची नोंद आहे. पण तीही आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हणून. त्यात तीन गोष्टी सांगितल्या आहेत: शक्ती पार संपणं, कामापासून मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. माझं ओट्यापाशी जे झालं ते यातलं दुसरं. हळवी माणसं पहिल्यावर थांबत नाहीत, थकली तरी धावत राहतात, म्हणून बहुतेकदा दुसऱ्यावर पोचल्यावरच त्यांना जाग येते. वर्गीकरणात फक्त नोकरीचं काम धरलंय, हे खरं. पण सासूबाईंचं अंथरुणावरचं सगळं करणारी सून आणि आयसीयूतली सिस्टर यांचा शीण मला तरी वेगळा दिसत नाही.

तिसरी शक्यता डिप्रेशनची. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटत असेल, कशातच रस राहिला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर 'थकवा आहे, सुट्टीत जाईल' म्हणून ढकलू नका. तिथे डॉक्टर लागतो. आणि त्याच्याही आधी, अगदी साधं काम: फॅमिली डॉक्टरकडून हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. माझं हिमोग्लोबिन नऊच्या खाली होतं. अर्धा थकवा तिथेच सापडला, उरलेला अर्धा मनाचा होता.

आपला राजाराम बंधारा

पावसाळ्यात कोल्हापूरचं प्रत्येक घर एक आकडा विचारत असतं: बंधाऱ्याला किती? पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९ ला गेलं की नदीकाठची माणसं सामान माळ्यावर टाकायला लागतात, जनावरं हलवतात. ४३ ची वाट कुणी बघत बसत नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र आपण ५० फुटांवर जागे होतो.

थेरपीला जायच्या आधी एका कागदावर आपल्या दोन्ही पातळ्या लिहून काढा. माझ्या इशारा पातळीची लक्षणं अशी: फोन वाजला की पोटात गोळा येतो, रविवारी संध्याकाळपासून डोकं जड होतं, पोरांवर आवाज चढतो, कुणी रडायला लागलं की मनात 'आता हिचं काय' असं येतं. धोका पातळीची: काहीच वाटेनासं होणं, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, आंघोळीचाही कंटाळा. तुमची लक्षणं वेगळी असतील. घरातल्या एकाला विचारा, कारण आपली इशारा पातळी आपल्याआधी त्यांना दिसते. माझ्या मुलीनं सांगितलं, "आई, तू दमलीस की भांडी आपटतेस." मला हे माहीतच नव्हतं.

आणि 'आपण नसलेलं बरं' असा विचार येत असेल तर कागद, वही, हा लेख, सगळं बाजूला ठेवा. टेली-मानसला १४४१६ वर फोन लावा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. किंवा घरच्या माणसाला घेऊन सरळ सीपीआरच्या, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या, अपघात विभागात जा. हे बोलून दाखवण्यात काही कमीपणा नाही.

कुणाकडे जायचं

इथे लोकांचा फार गोंधळ होतो. सायकियाट्रिस्ट, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, हे एमबीबीएसनंतर मानसोपचाराचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते गोळ्या देऊ शकतात, पुढचे दोघं नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात, थेरपी देतात, आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारला तर कुणी रागावत नाही, रागावलं तर दुसरं दार बघा. समुपदेशक, म्हणजे काउन्सेलर, यांच्यात मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं काम केलेले उत्तम लोकही असतात आणि आठवड्याच्या कोर्सवर पाटी लावलेलेही. म्हणून शिक्षण काय, किती वर्षं काम करता, कामावर कुणा ज्येष्ठाचं मार्गदर्शन घेता का, हे तीन प्रश्न विचाराच.

पैशाची अडचण असेल तर टाऊन हॉलसमोरचं आपलं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आहे. ते राजर्षी शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे आणि तिथे मानसोपचार विभाग आहे. केस पेपर काढायचा, ओपीडीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यायची. गर्दी असते, तासभर निवांत बोलायला मिळेलच असं नाही. पण निदान आणि औषधासाठी ती भक्कम जागा आहे. तिथल्या बाकावर बसायची लाज वाटत असेल तर एवढंच सांगते, की शेजारी बसलेला माणूसही तीच लाज घेऊन आलेला असतो.

खासगीत जायचं तर कोल्हापूरचा एक त्रास आहे: इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. राजारामपुरीत कुठल्या जिन्यावर चढलात हे संध्याकाळपर्यंत पेठेत कळतं, अशी भीती मलाही होती. खरी अडचण मात्र दुसरीच निघते. थेरपिस्ट तुमच्या नणंदेच्या मैत्रिणीच असू शकतात. फोनवरच विचारा, "आपली काही ओळख निघते का?" निघाली तर दुसरं कुणी सुचवायला सांगा. सांगली-पुण्याच्या माणसाशी ऑनलाइन बोलायचाही पर्याय आहे, फक्त घरात दार लावून बसायला जागा हवी. माझी एक मैत्रीण रंकाळ्याजवळ गाडी लावून, काचा वर करून सेशन करते. चालतं.

तुम्ही काय सांगता ते गुप्त राहतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तो हक्क दिलेला आहे. अपवाद असतात, जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अत्याचाराची गोष्ट असेल तर. चांगला थेरपिस्ट हे पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगतो.

पहिली भेट

एक सेशन साधारण पाऊण ते एक तासाचं, सुरुवातीला आठवड्यातून एकदा. फी फोनवरच विचारून घ्या, कारण आपल्यासारखी माणसं समोर बसल्यावर पैशाचं बोलत नाहीत आणि मग दोन सेशननंतर परवडत नाही म्हणून गुपचूप गायब होतात.

जाताना कागदावर पाच-सहा ओळी लिहून न्या: कधीपासून, झोप कशी, कामाचे तास किती, दिवसात किती जण तुमच्याकडे मन मोकळं करतात, तुम्ही कुणाकडे करता. शेवटच्या प्रश्नापाशी मी अडले. जागा रिकामीच होती.

आणि एक वाईट अनुभव. मी पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेले त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं, "तुम्ही फार विचार करता. बायकांनी थोडं देवाचं करावं, मन रमवावं." मी मान डोलावून, आभार मानून, फी देऊन बाहेर आले आणि पुढचे दोन महिने कुणाकडेच गेले नाही. आज वाटतं, दुसऱ्याच दिवशी दुसरा फोन लावायला हवा होता. शिंप्याचं माप चुकलं म्हणून आपण ब्लाउज घालायचं सोडत नाही.

थेरपिस्टला सांभाळायला जाऊ नका

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं हेच वाटतं, कारण हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या थेरपिस्टकडे गेले, त्या मॅडम खूप चांगल्या होत्या. तिसऱ्या सेशनला मी आत गेले तर त्यांचा चेहरा उतरलेला दिसला. मी बसल्या बसल्या विचारलं, "मॅडम, जेवलात का? दमलेल्या दिसताय." मग त्यांना जास्त त्रास नको म्हणून हलकंफुलकं बोलले. शाळेतल्या गमती सांगितल्या. निघताना म्हणाले, "आता पुष्कळ बरं वाटतंय." त्या आठवड्यात मी रोज पहाटे तीनला जागी होते.

चौथ्या सेशनला त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, "मागच्या वेळी तासभर तुम्ही माझी काळजी घेतलीत. ती फुकट होती. तुमच्यासाठी आपण काय केलं?" मला एकदम रडू कोसळलं. जन्मभराची सवय त्या तासातही माझ्या आधी जाऊन खुर्चीत बसली होती.

हे तुमच्याकडूनही होणार. तुम्ही थेरपिस्टची कपाळाची आठी वाचणार, घड्याळ बघून आपलं दुखणं आखूड करणार, त्यांना बरं वाटावं म्हणून बरे झाल्याचं सांगणार, 'माझ्यापेक्षा किती वाईट हालत असते लोकांची' म्हणणार. त्यावर उपाय: पहिल्याच भेटीत सरळ सांगून टाका. "मी समोरच्याला सांभाळते. इथेही सांभाळीन. दिसलं की मला थांबवा." आणि घरी आल्यावर वहीत एकच ओळ लिहा, आज कुठली गोष्ट सांगायची राहिली? पुढचं सेशन त्या ओळीपासून सुरू करायचं. थेरपिस्टचं काही खटकलं तर तेही तिथेच बोलायचं. मला एकदा त्यांचं मध्येच फोन बघणं लागलं होतं. आठवडाभर धीर गोळा करून सांगितलं, त्यांनी मान्य केलं, माफी मागितली. कुणाला दुखावलं नाही, जग बुडालं नाही. मला त्या पाच मिनिटांनी जितकं शिकवलं तितकं दुसऱ्या कशानं नाही.

आत नेमकं काय चालतं

पद्धती बऱ्याच आहेत आणि नावं ऐकून घाबरायला होतं. महाराष्ट्रात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धत बऱ्यापैकी रुळलेली आहे. १९५० च्या दशकात त्यांनी ती मांडली. म्हणणं असं, की घटनेमुळे नव्हे तर घटनेबद्दलच्या आपल्या हट्टी समजुतीमुळे जास्त त्रास होतो. मराठीत तो हट्ट एका अक्षरात सापडतो: 'च'. मी वहीत लिहिलं होतं, 'कुणी मदत मागितली तर मी गेलंच पाहिजे. माझ्यामुळे कुणाला वाईट वाटताच कामा नये.' मॅडमनी लाल पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "बाई, तपासा." वीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, त्या दिवशी स्वतःची तपासली. दोन 'च' खोडले. वाक्य उरलं ते असं: 'मला मदत करायला आवडतं. प्रत्येक वेळी जमेल असं नाही.' पहिल्या वाक्यानं छाती आवळते, दुसऱ्यानं नाही. करून बघा.

दुसरी गोष्ट समजायला मला पुराची आठवण उपयोगी पडली. २०१९ ला शाळेत एक म्हातारी आली होती. गोठ्यात म्हैस बांधलेली राहिली आणि पाणी चढलं. ती सारखी एवढंच म्हणायची, "दावं सोडायचं राहिलं गं." मी तिच्याजवळ बसून तिच्याइतकंच रडले. रात्री डोळे मिटले की मला ते दावं दिसायचं, चार रात्री झोप नाही. आमच्या खिचडीवाल्या मावशींनी तिला चहा दिला, पाठीवरून हात फिरवला, कोरडं लुगडं शोधून आणलं आणि रात्री भिंतीला टेकून गाढ झोपल्या. मला तेव्हा त्या कोरड्या वाटल्या होत्या. त्या कोरड्या नव्हत्या. जर्मन शास्त्रज्ञ तानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलंय, की दुसऱ्याचं दुःख स्वतःत भोगणं आणि दुसऱ्याबद्दल करुणा वाटणं यात मेंदूचे वेगवेगळे भाग काम करतात. पहिल्यानं माणूस झिजतो, दुसऱ्यानं त्याला उलट बळ येतं. आणि करुणा सरावानं वाढवता येते.

सराव असा. समोरचा बोलत असताना 'त्याच्या जागी मी असते तर' हे चित्र रंगवायचं नाही. दोन्ही पावलं जमिनीवर टेकलेली आहेत हे जाणवून घ्यायचं. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. मनात एकच प्रश्न ठेवायचा, 'याला आत्ता काय लागेल?' पाणी, फोन नंबर, नुसतं ऐकणं, काहीही असेल. तेवढंच द्यायचं. सुरुवातीला आपण दगड झालो असं वाटतं. मला दीड महिना तसं वाटत होतं, मग ते गेलं.

'बास' म्हणायचा गृहपाठ

कोल्हापुरात माणसाची किंमत तो कुणाच्या अडीनडीला धावला यावर ठरते. याचा मला अभिमान आहे आणि पुराच्या दिवसांत तो खरा ठरताना मी पाहिलाय. म्हणूनच इथे 'नाही' म्हणणं म्हणजे माणुसकी सोडणं वाटतं. त्यामुळे एकदम साहेबाला किंवा सासूबाईंना नाही म्हणायला जाऊ नका, तोंडघशी पडाल.

मला मिळालेला पहिला गृहपाठ पंगतीतला होता. कुणाकडे जेवायला गेलं की "घ्या की अजून जरा पांढरा रस्सा" हा आग्रह होणारच. तेव्हा हसून "बास" म्हणायचं आणि कारण द्यायचं नाही. ॲसिडिटी, उपास, उशिरा खाल्लंय, यातलं काही नाही. वाटीवर हात, आणि बास. ऐकायला सोपं आहे. मी तीनदा नापास झाले.

ते जमल्यावर फोन. वाक्य आधी तोंडपाठ करा: "आत्ता मला जमणार नाही, उद्या संध्याकाळी सहाला बोलूया." मग उद्या सहाला खरंच बोला. "एवढंपण नाही व्हय?" असं समोरून येईल. त्यावर तेच वाक्य पुन्हा, त्याच आवाजात. अपराधी वाटेल, अंग तापेल, फोन उलटा करून ठेवावासा वाटेल. ते वाटणं साधारण वीस-पंचवीस मिनिटांत माझ्यापुरतं तरी ओसरतं. तेवढा वेळ स्वयंपाकघरातून बाहेर पडून चालून यायचं.

गोळ्या, पैसे, घरचे

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर थेरपी हरली असं नाही. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत. डॉक्टर हळूहळू कमी करतात. विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरलं पाहिजे असं २०१७ चा कायदा सांगतो. पण बऱ्याच पॉलिसी भरती झाल्यावरचाच खर्च देतात, तेव्हा सेशनची फी बसते का हे एजंटला विचारून घ्या.

घरी काय सांगायचं? मी ह्यांना एवढंच म्हणाले, "गुरुवारी साडेपाच ते सात मी घरी नाही. चहा तुम्ही करा." बाकीचं हळूहळू सांगितलं.

साधारण सहा-आठ सेशननंतर थेरपिस्टसोबत बसून पातळ्यांचा कागद पुन्हा काढा. झोप सुधारली का, फोन वाजल्यावरचा पोटातला गोळा कमी झाला का. काहीच हललं नसेल तर पद्धत बदलायची का, डॉक्टर लागेल का, कामाचे तास कमी करायचे का, हे स्पष्ट विचारा. शाळेत माणसंच कमी असतील आणि दोन वर्गांचं काम एकीवर असेल, तर ते श्वास मोजून सुटत नाही. तिथे मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा लागतो. मी दिला.

सुधारलं तर सेशन पंधरवड्यानं, मग महिन्यानं करता येतात. माझं आता दोन महिन्यांतून एकदा असतं. एक मात्र मी कॅलेंडरवर मेमध्येच लिहून ठेवते: जुलैच्या शेवटच्या आठवड्यातलं सेशन काहीही झालं तरी रद्द करायचं नाही. त्या दिवसांत बंधाऱ्याचं पाणी चढतं, आणि माझा फोन वाजायला लागतो.